दुबईत मार्केटिंग एजन्सी काढायची? लायसन्सच्या आधी दोन प्रश्न

दुबईत कंपनी नोंदवणं अवघड नाही. पासपोर्टची प्रत, फोटो आणि पैसे दिले की काही फ्री झोन आठवड्याभरात लायसन्स हातात देतात. खरी कसोटी पुढे लागते: बँकेत खातं उघडताना, पहिल्या मोठ्या ग्राहकाच्या हिशेब विभागात बिल पास करून घेताना आणि वर्षाअखेरीस कराचं विवरणपत्र भरताना. या तीन ठिकाणी अडकणाऱ्या एजन्सींची चूक बहुतेक वेळा एकच असते. पॅकेज आधी घेतलेलं असतं, धंदा कसा चालणार याचा विचार नंतर झालेला असतो.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. पहिला: तुमचं बिल कोण भरणार, आणि तो ग्राहक कुठे नोंदलेला आहे? दुसरा: गूगल आणि मेटाला जाणारा जाहिरातीचा पैसा ग्राहकाच्या कार्डावरून जाणार की तुमच्या? पहिल्या उत्तरावरून लायसन्सचा प्रकार ठरतो. दुसऱ्यावरून व्हॅट, कर, खेळतं भांडवल आणि तुमची रात्रीची झोप ठरते.

मेनलँड की फ्री झोन

संयुक्त अरब अमिरातीत नोंदणीचे दोन मुख्य रस्ते आहेत. मेनलँड म्हणजे त्या त्या अमिरातीच्या अर्थ खात्याचं लायसन्स. दुबईत ते डीईटी, म्हणजे अर्थ व पर्यटन खातं देतं. जुनी मंडळी त्याला अजून डीईडीच म्हणतात. फ्री झोन म्हणजे स्वतःचे नियम आणि स्वतःचं नोंदणी कार्यालय असलेली हद्द. देशात असे चाळीसहून जास्त झोन आहेत. आपल्या व्यवसायाच्या कामाचे म्हणजे दुबई मीडिया सिटी, दुबई इंटरनेट सिटी, डीएमसीसी, मेदान, आयएफझेडए, शारजातली शम्स आणि अबू धाबीतला टूफोर५४.

मेनलँडवर ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराला द्यावा लागतो, हे अजून अनेकांच्या डोक्यात आहे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांना ती अट उरलेली नाही आणि मार्केटिंगची कंपनी पूर्णपणे तुमच्या नावावर राहू शकते. आजही कोणी ‘लोकल स्पॉन्सर’च्या हिश्श्याची भाषा करत असेल, तर हा हिस्सा कोणत्या व्यवसाय प्रकारासाठी लागतो ते लेखी मागा.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर लावून बघू. ग्राहक लंडन, रियाध, मुंबई असे बाहेरचे असतील किंवा फ्री झोनमधल्याच कंपन्या असतील, तर फ्री झोन पुरतो. ग्राहक करामातलं रेस्टॉरंट, देरातला सोनार, जुमेराहमधलं क्लिनिक किंवा एखादा बिल्डर असेल, तर मेनलँड घ्या. सरकारी खात्यांच्या निविदा भरायच्या असतील तरीही मेनलँडचाच विचार करा. फ्री झोनमध्ये बसून मेनलँडवरच्या ग्राहकाचं काम करणं हा वर्षानुवर्षं धूसर राहिलेला भाग होता. २०२५ मध्ये दुबईने त्यावर तोडगा काढला: फ्री झोन कंपनीला मेनलँडवर काम करण्यासाठी स्वतंत्र परवाना मिळतो, शुल्क सहा महिन्यांना ५,००० दिरहम. सल्लागारी, डिझाइन आणि व्यावसायिक सेवा पहिल्या टप्प्यात घेतल्या आहेत. त्या कामाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि त्यावरच्या नफ्याला ९ टक्क्यांचा कर लागतो. वर्षाचे १०,००० दिरहम त्यावर जाणार असतील तर सुरुवातीलाच मेनलँड का नको, हे गणित करून बघा.

आणखी एक लक्षात घ्या. हा परवाना दुबईचा आहे. शारजाच्या किंवा अजमानच्या फ्री झोनचं स्वस्त लायसन्स घेऊन दुबईतल्या दुकानदारांची कामं करायची योजना असेल, तर पाया सुरुवातीलाच कच्चा राहतो.

लायसन्सवर काय लिहिलंय, त्यावर सगळं

लायसन्सवर तुमचा व्यवसाय नेमक्या शब्दांत लिहिलेला असतो. तिथे या नोंदीला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात आणि प्रत्येकीला कोड असतो. मार्केटिंग व्यवस्थापन, जाहिरात सल्ला, जाहिरात डिझाइन, सोशल मीडिया, कार्यक्रमांचं आयोजन, चित्रपट व व्हिडिओ निर्मिती या सगळ्या वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटी आहेत. भारतात ‘जाहिरात व संबंधित सेवा’ एवढं लिहून भागतं. इथे तसं चालत नाही.

बिघडतं ते असं. पॅकेजमध्ये एकच ॲक्टिव्हिटी फुकट म्हणून ‘मार्केटिंग सल्ला’ घेतला जातो. तीन महिन्यांनी ग्राहक म्हणतो, उद्घाटनाचा कार्यक्रमही तुम्हीच करा. तुम्ही बिल पाठवता, त्यावर ‘कार्यक्रम व्यवस्थापन’ लिहिलेलं असतं, आणि ग्राहकाचा हिशेब विभाग ते परत करतो, कारण लायसन्सवर तो शब्द नाही. बँकही तेच बघते: खात्यात येणारा पैसा लायसन्सवरच्या कामाशी जुळतो का? जुळला नाही तर प्रश्न येतात, आणि उत्तर मिळेपर्यंत व्यवहार थांबू शकतो. म्हणून पुढच्या दोन वर्षांत जी चार-पाच कामं नक्की करणार आहात, ती पहिल्या अर्जातच घाला. नंतर बदल करायचा म्हणजे पुन्हा शुल्क आणि पुन्हा अर्ज.

नाव ठरवतानाही काही अटी आहेत. धार्मिक किंवा सरकारी संस्थेचा भास होणारे शब्द चालत नाहीत. माणसाचं नाव वापरायचं तर पूर्ण वापरावं लागतं, आद्याक्षरं चालत नाहीत. तीन पर्याय तयार ठेवा आणि डोमेन मोकळं आहे का ते आधी बघून ठेवा.

मेनलँडचा क्रम साधारण असा: नाव राखून ठेवणं, प्राथमिक मंजुरी, भागीदारीचा करार, ऑफिसचा भाडेकरार आणि त्याची ‘एजारी’ नोंदणी, मग लायसन्स. लायसन्स मिळालं की कंपनीचं एस्टॅब्लिशमेंट कार्ड, आणि ते आल्यावरच व्हिसा. व्हिसामध्ये प्रवेश परवाना, वैद्यकीय तपासणी (रक्त आणि छातीचा एक्स-रे), बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी. हे सगळे अर्ज अमेर सेंटर, तशील किंवा टायपिंग सेंटरमधून होतात. कागद पळवणाऱ्या माणसाला तिथे पीआरओ म्हणतात. चांगला पीआरओ मिळाला तर पैसे वसूल होतात; मात्र शासकीय शुल्क आणि त्याची मजुरी वेगळी दाखवलेलं बिल मागा.

पदवीच्या प्रमाणपत्राचं काम मात्र महाराष्ट्रातूनच उरकून निघा. व्यवस्थापक, डिझायनर अशा कुशल पदांच्या व्हिसासाठी साक्षांकित पदवी लागू शकते. अमिराती हेग ॲपोस्टिल करारात नाही, त्यामुळे सौदी, ओमान, बहारीनला चालणारं ॲपोस्टिल इथे उपयोगाचं नाही. राज्याचा शिक्का, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा आणि शेवटी अमिरातीत पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा, अशी साखळी पूर्ण करावी लागते. तिकडे गेल्यावर पदवी कुरियरने परत पाठवणं हा महिन्याभराचा उपद्व्याप होतो.

खर्चाचा खरा आकडा

जाहिरातीतल्या पॅकेजचा आकडा बहुधा शून्य व्हिसाचा असतो. फ्री झोनमध्ये तो साधारण ६,००० ते १३,००० दिरहमच्या दरम्यान सापडतो. मीडिया सिटीसारखे नावाजलेले झोन याहून बरेच महाग पडतात. त्यात एस्टॅब्लिशमेंट कार्डाचे साधारण २,०००, आणि प्रत्येक व्हिसामागे ४,००० ते ६,००० धरा. आरोग्य विमा वेगळा, तो बंधनकारक आहे. हिशेबनीस, कराची विवरणपत्रं आणि ऑडिट यांचाही वर्षाचा आकडा लिहा. लायसन्स दर वर्षी नूतनीकरणाला येतं, त्यामुळे हा खर्च एकदाच करून सुटका होत नाही.

मेनलँडवर ऑफिसचं भाडं हाच मोठा भाग. किती चौरस फूट घेता त्यावर किती व्हिसा मिळतील ते ठरतं, आणि इथेच नाकापेक्षा मोती जड होतो. दोन माणसांच्या एजन्सीला बिझनेस बेमध्ये काचेचं केबिन लागत नाही. नोंदणीकृत बिझनेस सेंटरमधली एजारी मिळणारी जागा पुरते.

सुरुवातीचे सहा महिने एकही दिरहम आला नाही तरी घरभाडं, व्हिसा, प्रवास आणि पगार निघतील एवढी रक्कम बाजूला हवी. दुबईत घरभाडं अजूनही बऱ्याच ठिकाणी आगाऊ तारखेच्या चेकनी देतात. एक, दोन किंवा चार चेकमध्ये वर्षाचं भाडं, म्हणजे मोठी रक्कम सुरुवातीलाच जाते.

बँक

लायसन्सला एक आठवडा आणि बँक खात्याला दोन महिने, असं घडतं. बँकांना काळ्या पैशाविरुद्धचे नियम पाळायचे असतात, आणि नवी सेवा कंपनी त्यांच्या दृष्टीने सगळ्यात संशयास्पद गिऱ्हाईक. माल नाही, गोदाम नाही, जहाजातून माल पाठवल्याची पावती (बिल ऑफ लेडिंग) नाही. काय विकता, याचा पुरावा तुम्हालाच उभा करावा लागतो.

तयार ठेवायचं ते असं: मालकाचं सहा महिन्यांचं वैयक्तिक बँक स्टेटमेंट, अनुभवाचा लेखाजोखा, भांडवल कुठून आलं त्याचा कागद, चालू असलेली वेबसाइट, कंपनीच्या डोमेनवरचा ईमेल, आणि दोन-तीन संभाव्य ग्राहकांचे करार किंवा किमान लेखी प्रस्ताव. सही करणाऱ्याकडे एमिरेट्स आयडी असला तर काम कितीतरी सोपं होतं. शून्य व्हिसाचं पॅकेज घेतलेला माणूस नेमका इथे अडकतो, कारण तो तिथला रहिवासीच नसतो. मग व्हिसा घ्यावा लागतो आणि स्वस्त पॅकेजची सगळी बचत निघून जाते.

अनेक पारंपरिक बँका २५,००० ते ५०,००० दिरहम सरासरी शिल्लक मागतात. ती घसरली की दरमहा दंड. वायो किंवा मश्रेकचं निओबिझ अशा डिजिटल खात्यांचा पर्याय छोट्या एजन्सीने आधी तपासावा. एकाच वेळी दोन बँकांत अर्ज करणं शहाणपणाचं.

जाहिरातीचा पैसा तुमच्या खात्यातून गेला तर

आता दुसरा प्रश्न. एक उदाहरण घेऊ. चार ग्राहक, प्रत्येकाची तुमची फी महिन्याला ५,००० दिरहम आणि जाहिरातीचं बजेट २०,००० दिरहम.

पद्धत पहिली: बजेट ग्राहकाच्या स्वतःच्या कार्डावरून जातं. तुमची बिलं महिन्याला २०,००० ची, वर्षाला २,४०,००० ची.

पद्धत दुसरी: सगळं तुमच्या कार्डावरून जातं आणि तुम्ही फी अधिक बजेट असं एकत्र बिल देता. आता बिलं महिन्याला १,००,००० ची, वर्षाला १२,००,००० ची. कमाई तीच, २०,०००.

व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून आहे, दर ५ टक्के. मागच्या बारा महिन्यांची करपात्र उलाढाल ३,७५,००० दिरहमपुढे गेली की ३० दिवसांत नोंदणी बंधनकारक. १,८७,५०० पुढे ती ऐच्छिक. पहिल्या पद्धतीत तुम्ही वर्षभर मर्यादेच्या आत राहता. दुसरीत चौथ्याच महिन्यात बाहेर. प्रत्यक्षात त्याहूनही आधी, कारण परदेशी कंपनीकडून घेतलेली सेवाही या मर्यादेत मोजली जाते. जाहिरातीचं बिल आयर्लंडमधल्या कंपनीकडून तुमच्या नावावर आलं, तर महिन्याचे ते ८०,००० देखील बेरजेत धरायचे. महिन्याला १,८०,००० धरले तर तिसऱ्याच महिन्यात मर्यादा ओलांडते. उशिरा नोंदणीचा दंड १०,००० दिरहम. नोंदणी झाल्यावर अशा परदेशी बिलांवर रिव्हर्स चार्जने व्हॅट स्वतःच दाखवायचा आणि स्वतःच वजा घ्यायचा; पैसे जात नाहीत, पण विवरणपत्रात ओळ राहिली की चूक धरली जाते.

ग्राहकाच्या वतीने त्याच्याच नावावरचं बिल भरलं आणि तेवढेच पैसे परत घेतले, तर ते तुमच्या उलाढालीत धरत नाहीत. बिल तुमच्या नावावर असेल, तर नंतर ‘मी फक्त पुढे दिले’ म्हणून उपयोग नाही. फरक बिलावरच्या नावाचा आहे, आणि तो जाहिरात खातं उघडतानाच ठरतो.

नफ्यावरच्या कराचंही असंच. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि पुढच्यावर ९ टक्के कर आहे. उलाढाल ३०,००,००० दिरहमच्या आत असेल तर छोट्या उद्योगांसाठीची सवलत घेता येते आणि त्या काळापुरता करपात्र नफा शून्य धरतात. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ ला किंवा त्याआधी संपणाऱ्या करवर्षांपर्यंतच आहे. दुसऱ्या पद्धतीने दहा ग्राहक झाले की उलाढाल बरोबर ३०,००,००० होते. अकरावा ग्राहक आला की सवलत गेली, हातातली फी महिन्याला जेमतेम ५५,००० असताना.

कर नसला तरी नोंदणी लागतेच. नव्या कंपनीने स्थापनेपासून तीन महिन्यांत कर खात्याच्या एमारा टॅक्स पोर्टलवर नोंद करायची; उशीर झाला तर दंड पुन्हा १०,०००. विवरणपत्र करवर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत.

‘फ्री झोन म्हणजे कर शून्य’ हे विकणारे अजून भेटतात. शून्य दर ‘पात्र’ उत्पन्नालाच आहे, आणि पात्र व्यवसायांच्या यादीत मार्केटिंग नाही. इतर फ्री झोन कंपन्यांकडून आलेलं उत्पन्न पात्र ठरू शकतं, पण बाकीची मिळकत एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यांतल्या कमी आकड्यापुढे गेली की दर्जा जातो, आणि पुढची चार वर्षंही परत मिळत नाही. शिवाय तो दर्जा घेणाऱ्याला ऑडिट बंधनकारक, पहिल्या ३,७५,००० वरची शून्य कराची सूट नाही आणि छोट्या उद्योगांची सवलतही नाही. बहुतेक छोट्या एजन्सींना साधा नियमच सोयीचा पडतो.

कराहून मोठा धोका उधारीचा आहे. मेटा तुमच्या कार्डावरून आज पैसे काढतं. ग्राहक ६० दिवसांनी देतो, कधी ९० नी. वरच्या उदाहरणात दोन-तीन महिन्यांत १,६०,००० ते २,४०,००० दिरहम तुमचे बाहेर अडकलेले असतात, आणि त्यावर तुमचा नफा काहीच नाही. म्हणून जाहिरात खातं ग्राहकाच्या नावावर, कार्ड ग्राहकाचं, आणि तुम्हाला भागीदार म्हणून प्रवेश, हीच व्यवस्था करारात लिहा. एखादा मोठा ग्राहक ऐकत नसेल तर बजेट आगाऊ घ्या.

कोणत्या जाहिरातीला कोणाची परवानगी

नव्या एजन्सीला सगळ्यात महाग पडणारी गाठ इथे आहे. पुण्यात पोस्ट तयार झाली की टाकायची सवय असते. दुबईत कित्येक क्षेत्रांत आधी परवाना क्रमांक मिळतो, मग जाहिरात.

घर-जागेच्या जाहिरातीला दुबई लँड डिपार्टमेंटचा ‘त्राखीसी’ परवाना लागतो आणि जाहिरातीवर त्याचा क्यूआर कोड दिसावा लागतो. दवाखाना, दात, केस, त्वचा, औषध, पूरक आहार यांच्या जाहिरातींना आरोग्य खात्याची पूर्वमंजुरी. ‘आधी आणि नंतर’चे फोटो टाकायच्या आधी तर नक्कीच विचारा. सेल किंवा सवलत योजना जाहीर करायची तर डीईटीचा परवाना ग्राहकाने घ्यायचा, आणि लकी ड्रॉ असेल तर त्याचा वेगळा. देणग्या गोळा करण्याचं आवाहन परवानगी असलेल्या संस्थांनाच करता येतं. रमजानमध्ये एखादा रेस्टॉरंटवाला ‘प्रत्येक बिलातले पाच दिरहम गरिबांना’ म्हणतो, तेव्हा हात आवरा आणि आधी तपासा. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत शूटिंगला दुबईच्या चित्रपट आयोगाचा परवाना लागतो, ड्रोनला वेगळा. अनोळखी माणसाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय टिपून प्रसिद्ध करणं सायबर कायद्याखाली गुन्हा ठरतो, त्यामुळे गर्दीतले रील जपून.

फोनवरून विक्री करणारं काम घेत असाल तर २७ ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम वाचा. परवानगी असलेल्या कंपनीनेच, कंपनीच्या नावावर नोंदलेल्या क्रमांकावरून, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ याच वेळेत फोन करायचे. ‘फोन करू नका’ यादीतल्यांना नाही. दंड १,५०,००० दिरहमपर्यंत जातो. जाहिरातीच्या एसएमएसला पाठवणाऱ्याच्या नावाआधी ‘एडी’ ही खूण लागते.

इन्फ्लुएन्सरना घेऊन काम करणार असाल तर २०२५ मध्ये जाहीर झालेला ‘जाहिरातदार परवाना’ महत्त्वाचा. पैसे घेऊन किंवा न घेता दुसऱ्याची जाहिरात करणाऱ्या व्यक्तीकडे तो हवा, आणि खात्यावर त्याचा क्रमांक दिसायला हवा. स्वतःच्या मालाची किंवा कंपनीची जाहिरात करणाऱ्याला सूट आहे. करारावर सही करण्याआधी क्रमांकाचा स्क्रीनशॉट फाइलला लावा. माध्यम कायद्याखालच्या दंडाचे आकडे २०२५ मध्ये ठरले. धर्मश्रद्धांचा अवमान केला तर ते १० लाख दिरहमपर्यंत जातात. देव, धर्म, राज्यकर्ते, झेंडा हे विषय विनोदाला घेऊ नयेत. मशिदीची पार्श्वभूमी किंवा अरबी अक्षरांची सजावट वापरताना अरबी वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय काहीच बाहेर जाऊ देऊ नका. शोभेची म्हणून वापरलेली ओळ कुराणातली निघू शकते.

अरबी मजकूर यंत्रातून भाषांतरित करून टाकण्याचा मोह होईल. अमिराती ग्राहकाला ते पहिल्या ओळीत कळतं. अर्धवेळ का होईना, अरबी लिहिणारा माणूस हवाच.

माणसं, आणि भारतातली टीम

व्हिजिट व्हिसावर आलेल्या मित्राकडून ‘तोपर्यंत’ काम करून घेऊ नका. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवल्याचा दंड २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम आहे. स्वस्त आणि कायदेशीर पर्याय असा की, जोडीदाराच्या व्हिसावर दुबईत राहणाऱ्यांना कंपनी फक्त कामाचा परवाना काढून नोकरीत घेऊ शकते. निवासी व्हिसाचा खर्च वाचतो. डिझाइन, लेखन, हिशेब यांचा चांगला अनुभव असलेली बरीच मराठी माणसं अशी घरी बसलेली सापडतात.

मेनलँडवरचा पगार डब्ल्यूपीएस या पगार देण्याच्या सरकारी प्रणालीतूनच जायला हवा. रोख दिलेला पगार सरकारच्या लेखी न दिलेला. नोकरी सोडताना द्यायची ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. ती दरमहा बाजूला टाका.

बहुतेक मराठी एजन्सीचालक डिझाइन आणि रिपोर्टिंगची टीम पुणे, नाशिक किंवा ठाण्यात ठेवतात. ते योग्यच आहे, पण दोन कंपन्यांमध्ये लेखी करार आणि बाजारभावाने बिल हवं. भारतातल्या कंपनीने एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून, परकी चलनात पैसे घेतले तर ती सेवा निर्यात म्हणून जीएसटीत शून्य दराने जाते. दोन्ही कंपन्यांचा मालक एकच असेल तर रक्कम लहान असली तरी सनदी लेखापालाचा ट्रान्सफर प्रायसिंग (संबंधित कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या दराचा) अहवाल लागतो. हा अहवाल राहिला तर भुर्दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो.

भारतात राहणारा माणूस दुबईत कंपनी काढतो तेव्हा ती रिझर्व्ह बँकेच्या लेखी विदेशी गुंतवणूक असते. रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या एलआरएस योजनेच्या वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत, बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून पैसे पाठवायचे. बँक एक ओळख क्रमांक मिळवून देते. पुढे दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल. एजंटच्या लिंकवर भारतीय क्रेडिट कार्डाने पॅकेजचे पैसे भरले की ही नोंद होत नाही, आणि काही वर्षांनी दुबईतला नफा आणायची वेळ येते तेव्हा बँक तो क्रमांक मागते. रहिवासी असताना प्राप्तिकर विवरणपत्रात विदेशी मालमत्तेचा तक्ता भरणंही बंधनकारक आहे. तो न भरल्यास दंड दहा लाख रुपयांचा असू शकतो.

वसुली आणि बंद करणं

फी महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्या, निदान पहिले तीन महिने. मोठे ग्राहक ‘व्हेंडर नोंदणी’ करून घेतात: लायसन्स, व्हॅट प्रमाणपत्र, आयबीएएन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असलेलं बँकेचं पत्र. हे न देता काम सुरू केलं तर बिल कोणाच्याच टेबलावर नसतं. आगाऊ तारखेचा चेक अजूनही उपयोगी आहे. जानेवारी २०२२ पासून केवळ शिल्लक नाही म्हणून परत आलेला चेक सहसा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण बँकेचा शेरा असलेला चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जाता येतं, दीर्घ दावा लढावा लागत नाही. ई-इन्व्हॉइसिंगही येतं आहे. ५ कोटी दिरहमखालच्या उलाढालीच्या कंपन्यांना ते १ जुलै २०२७ पासून लागू होईल, त्यामुळे आत्ता हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना ते याला तयार आहे का ते विचारा.

कॅलेंडरही बघून ठेवा. शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी सरकारी कामकाज दुपारी १२ पर्यंत, शारजात शुक्रवारही सुट्टीचा. रमजानात निर्णय लांबतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये निम्मे निर्णयकर्ते देशाबाहेर असतात. नवी एजन्सी सप्टेंबरमध्ये बाजारात उतरली तर ऑक्टोबरपासून दुबई शॉपिंग फेस्टिव्हलपर्यंतचा जोराचा हंगाम पुरता मिळतो. व्हॉट्सॲपवर संदेश चालतात, कॉल चालत नाहीत. भारतातल्या टीमसोबतच्या बैठका टीम्स किंवा झूमवर ठेवा.

आणि जमलं नाही तर लायसन्स तसंच सोडून भारतात परतू नका. नूतनीकरणाचे दंड साचतात, व्हॅट आणि कराची नोंदणी जिवंत राहते, प्रत्येक न भरलेल्या विवरणपत्राचा दंड वेगळा, आणि मालकाच्या पुढच्या व्हिसावर अडथळा येऊ शकतो. आधी येणी वसूल करा, कर्मचाऱ्यांचे व्हिसा रद्द करा, ग्रॅच्युइटी द्या. मग व्हॅट नोंदणी रद्द करण्याचा अर्ज २० कामकाजी दिवसांत आणि कर नोंदणीचा तीन महिन्यांत. त्यानंतर लायसन्स आणि एस्टॅब्लिशमेंट कार्ड. बँक खातं सगळ्यात शेवटी, कारण ठेवी, परतावे आणि उरलेले चेक यांचे पैसे तिथेच यायचे असतात.